फळीवरचं वजन

१

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. आश्विन नुकताच लागलेला, आभाळ धुऊन टाकल्यासारखं मोकळं, आणि सकाळपासूनच ऊन पाठीला चावत होतं. जानेफळच्या शिवारात या दिवसांत एरवी थोडी तरी झुळूक असते, कपाशीची पानं हलत राहतात. त्या दिवशी पान हललं नाही. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या बोरीत एक होला बसला होता, तोही एकदा घुमला आणि गप्प झाला.

वामनने बैल जुंपले. मूग निघाल्यावर रान नांगरलं होतं, आणि काळ्या मातीची ही मोठमोठी ढेकळं वर आली होती. ती फोडून रान सपाट केल्याशिवाय हरभरा पेरता येत नाही. त्यासाठी फळी फिरवायची. फळी आडवी टाकायची, तिच्या दोन कड्यांना दोन दोर, दोर जुवाला, आणि वजन म्हणून माणसाने फळीवर चढायचं. बैल चालतात, फळी घासत जाते, ढेकळं दबून फुटतात. काम सोपं, पण तोल सांभाळावा लागतो. बहुतेक माणसं उकिडवी बसतात. जी उभी राहतात ती दोर धरतात. वामन हात मोकळे सोडून उभा राही, गुडघे जरासे वाकवून, एक पाय पुढे, एक मागे.

शेजारच्या रानातून उत्तमरावांनी हाक दिली. "वामन्या, दोर धर बे! पडशीन एखाद्या दिवशी थोबाडावर."

"तुमी पडले म्हणून काय समदेच पडतीन, भाऊ?"

"म्या पडलो तं दोन दात गेले. तुहे तं आधीच वाकडे हायेत, जातीन तं बरंच हाय."

वामनने बैलांना हाकारलं. माती फुटण्याचा तो जाडसर आवाज सुरू झाला, आणि पायाखालून नेहमीची थरथर वर पोटऱ्यांत आली. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत अर्ध्या रानात आल्यावर त्याचं लक्ष सहज खाली गेलं.

दोर ढिले होते.

बैल पुढे चालत होते, फळी मागून चालत होती, आणि मधले दोन्ही दोर झोल घेऊन मातीवरून लोळत येत होते. फळीला कुणी ओढत नव्हतं.

२

वामन मूळचा इथलाच, पण वाढला समुद्रावर. त्याचे वडील मिठागरावर शिपाई म्हणून रत्नागिरीकडे गेले ते तिकडेच राहिले. आई लवकर गेली. पोरगं कोळ्यांच्या पोरांत वाढलं, त्यांचं खाल्लं, त्यांची बोली बोललं. होडी फुटली की पोरं तिची एखादी फळी पळवत आणि पाण्यात नेत. फळी छातीखाली घ्यायची, आत जायचं, मग किनाऱ्याकडे तोंड करून थांबायचं आणि मान मागे वळवून लाट निवडायची. लाट खालून उचलायला लागली की तिच्याबरोबर सुटायचं. बाकीची पोरं पोटावर पडून येत. वामन उठून उभा राही आणि उभ्याचा उभा वाळूला लागे. या खेळाला तिकडे नाव नव्हतं. म्हातारे कोळी त्याला रिकामटेकडेपणा म्हणत.

महाराष्ट्र राज्य झालं, त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील तापाने गेले. मग चुलते रंगराव त्याला आणायला आले. रंगरावांना मूलबाळ नव्हतं, जमीन होती. वामनच्या मिशा तेव्हा नुकत्याच फुटल्या होत्या. त्याने तिकडून एकच वस्तू आणली, आपली फळी. होडीच्या पोटाची, फणसाच्या लाकडाची, एक टोक वर वळलेली. मोटारीच्या टपावर, आगगाडीत, मग बैलगाडीत, अशी ती समुद्रापासून जानेफळपर्यंत आली.

रंगरावांनी ती वाजवून पाहिली. "लाकूड पक्कं हाय," म्हणाले. "फेकाले नोको."

इकडे चांगलं लाकूड कुणी वाया घालवत नाही. दुसऱ्या दिवशी सुताराने फळीच्या कडेला दोन लोखंडी कड्या ठोकल्या, आणि ती ढेकळं फोडायला रानात गेली. निदान उभं राहता येईल, एवढंच वामनच्या मनात आलं.

समुद्र सुटला तो सुटला. सुरुवातीला झोपेत त्याचे पाय हलत, पुढचा पुढे आणि मागचा मागे. मग तेही थांबलं. रंगराव वारले, घरात त्यांची बायको अन्नपूर्णाबाई राहिली. वामन तिला मोठी माय म्हणे. तिने त्याचा पाट लावून दिला, अमडापूरच्या कोकिळाशी.

कोकिळाचं आधी एक लग्न झालेलं होतं. तो नवरा एका सकाळी बाजाराला जातो म्हणून पिशवी घेऊन गेला आणि आलाच नाही. कुणी म्हणे गोसावी झाला, कुणी म्हणे तिकडे खानदेशात दुसरं घर केलं. कोकिळाने उंबऱ्यात बसून फार दिवस वाट पाहिली, मग पंचांनी तिला मोकळी केली. बाई कामाची होती, तोंडाची तिखट होती, वामनवर तिचा जीव होता. पण एक गोष्ट तिच्या अंगात भिनली होती. वामन उठला की ती विचारी, "कोठी चालले? कवा येसान?" तो तांब्या घेऊन नाल्याकडे निघाला तरी विचारी.

"परसाकडे चाललो वं. जाऊ काय विचारून कोनाले?"

"विचारा. माहं काय जाते?" ती म्हणे, आणि तो परत येईपर्यंत दारातून हलत नसे.

३

दोर ढिले कशाने होतील? वामनने रानातच विचार केला. उतार असेल. उतारावर फळी आपल्या वजनाने घसरते. त्याने बैल थांबवून पाहिलं. रान नाल्याकडे उतरत होतं आणि फळी नाल्याकडून वर चालली होती.

म्हणजे चढावर.

बरं, मग बैल मंद चालले असतील. एखादा बैल पायात काटा घेऊन चालला की दोर सैल पडतो. त्याने चांद्याचे खूर पाहिले, मोऱ्याचे पाहिले. काटा नव्हता. मोऱ्या मान वळवून मागच्या फळीकडे जीभ काढत होता. ती त्याची जुनी सवय होती, घरीही तो भिंतीला टेकलेली फळी चाटत राही. वामन त्याला कधी हाकलत नसे. फळीत जुनं मीठ असेल, जनावराला मीठ लागतंच.

त्या दिवशी आणखी दोनदा दोर सैल झाले. दुसऱ्यांदा झाले तेव्हा वामनने खाली पाहिलं नाही. त्याच्या तळपायांना आधीच कळलं होतं. माती फुटण्याचा आवाज बंद झाला, थरथर बंद झाली, आणि फळी गुळगुळीत चालायला लागली. फार थोडा वेळ. मग दोर ताणले गेले आणि पुन्हा ढेकळं फुटायला लागली.

घरी आल्यावर कोकिळाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"कोठी काय?"

"काही तं झालं. तुमी घरी नाई आले अजून."

"हा काय, समोर बसलो ना वं."

तिने तव्यावर भाकरी टाकली. जेवण होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि कोकिळा बोलली नाही की घर मोठं वाटे.

४

फळी ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. दुपारी वामन तिथेच पडे. आत मोठी माय सुपात ज्वारी पाखडत बसे, आणि तो आवाज ऐकत त्याला डुलकी लागे. दाणे सुपाच्या टोकाकडे जातात, मागे येतात, पुन्हा जातात.

त्या दुपारी तो असाच पडला होता. आवाज येत होता. जरा वेळाने त्याला जाणवलं की सूप फार मोठं आहे. दाणे फार लांबून येत होते आणि फार लांब जात होते. त्याने डोळे उघडले. मोठी माय दारात उभी होती, हातात पाण्याचा गडवा.

"पाखडून झालं?" त्याने विचारलं.

"म्या कोठी पाखडलं? म्या तं आताच विहिरीवरून आली."

तो उठून बसला. आवाज थांबला होता. वारा असेल, म्हणून त्याने अंगणातल्या शेवग्याकडे पाहिलं. शेवगा चित्रासारखा उभा होता. मग उंदीर असतील. कणगीत उंदीर शिरले की दाणे ओघळतात, ओघळण्याचा आवाज होतो. त्याने हे मनात दोन-तीनदा म्हटलं. आणि असं म्हणत असतानाच आपले पाय काय करत आहेत ते त्याने पाहिलं. बसल्या जागी पुढचा पाय पुढे सरकला होता आणि मागचा आडवा झाला होता.

मागच्या दारी कोकिळा त्याचं धोतर धूत होती. ती ते तसंच अर्धं ओलं घेऊन आली आणि त्याच्यासमोर धरलं. अजून न भिजलेल्या भागावर पांढऱ्या रेघा होत्या, एकावर एक, गुडघ्यापर्यंत.

"घामाचं मीठ हाय," तो म्हणाला.

"घाम पाठीले येते. पायाले एवढा येते काय?" तिने धोतर खाली टाकलं. "मले एक सांगा. ते पाणी तुमाले बलावून राह्यलं काय?"

"कोणतं पाणी? येड लागलं काय वं तुले?"

"तो गेला ना, त्याच्या आधी आठ दिवस तो असाच बसे. समोर बसला राहे, पण तिथं नसे. मले म्हाईत हाय ते तोंड." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "दुसऱ्यांदा उंबऱ्यात बसाची ताकद नाई माह्यात. सांगून ठेवतो. ते फळी चुलीत घाला."

वामनने फळी चुलीत घातली नाही. पण तिच्यासमोर ती उचलून माळ्यावर टाकली, वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या, आणि पुन्हा काढणार नाही म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

५

उत्तमरावांनी त्यांची फळी दिली. बाभळीची, जड, सरळ. वामन दोन दिवस तिच्यावर उभा राहिला. ढेकळं फुटली, दोर ताठ राहिले, बैलांना घाम आला, धुळीने नाक भरलं. जसं काम असतं तसं काम झालं. वेडंवाकडं काही नव्हतंच, उन्हाची भूल होती, असं त्याने स्वतःला सांगितलं. आणि हे सांगून त्याला बरं वाटायला हवं होतं.

बरं वाटलं नाही. त्याला आतून रिकामं वाटत होतं. इतकी वर्षं समुद्र सुटला होता तेव्हा असं कधी झालं नव्हतं. तेव्हा तो सुटला होता, बस. आता तो धुऱ्याच्या पलीकडे उभा राहून थांबला आहे आणि आपणच जात नाही, असं त्याला वाटे. जेवताना घास हातात राही. कोकिळा काही विचारी आणि त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माळ्यावर चढली. पेंढ्या बाजूला केल्या आणि फळी स्वतः खाली सोडली.

वामन पाहतच राहिला. "तूच तं म्हणे ना..."

"म्हटलं होतं. पण फळी माळ्यावर ठेवून तुमी कोठी राह्यले घरात? त्याहून हे बरं." तिने पदर खोचला. "आज मी येतो रानात. मी बसतो फळीवर."

"बाईमाणूस फळीवर बसते काय कधी?"

"वजन पाह्यजे ना फळीले? बसतो मी. मी बसली म्हणजे जाऊन जाऊन कोठी जासान? माह्यासगट जासान ना?"

मोठी माय आतून म्हणाली, "जाऊ दे रे बापू. एक दिवस बसू दे तिले. तिच्या जीवाले थंड वाटंन."

वामन नको म्हणू शकला असता. बैल जुंपायला उशीर झाला होता, तोंडावर पेरणी होती, आणि खरं म्हणजे त्याचा हात आधीच फळीवर होता.

६

त्या दिवशीही वारा नव्हता. उत्तमराव आपल्या धुऱ्यावर गवत कापत होते. कोकिळाला फळीवर बसलेलं पाहून त्यांनी विळा खाली ठेवला.

"काय वं कोकिळा, जत्रा निघाली काय?"

"हाव जी भाऊ, येता काय? भाकर बांधून आणली," ती म्हणाली.

ती एका टोकाला मांडी घालून बसली होती, हाताने कडी धरून. वामन दुसऱ्या टोकाला उभा. पहिल्या फेरीत ती दचके, मग सरावली. धूळ उडाली की तोंडावर पदर घेई, आणि धूळ बसली की बोले. हरभरा निघाल्यावर माहेरी जायचं, येताना मेहकरच्या बाजारातून मोठ्या माईला लुगडं आणायचं, वामनला कोट शिवायचा. "तुमाले कोट कसा दिसंन, काय म्हाईत," ती म्हणाली. वामन हो म्हणत होता. दोर ताठ होते. त्याला वाटलं, हिचं खरं आहे. हिच्या वजनाने सगळं जागच्या जागी बसलं. असंही आयुष्य जाईल, आणि चांगलं जाईल.

मग माती फुटण्याचा आवाज बंद झाला.

कोकिळाही बोलता बोलता थांबली. "हे काय वं माय," ती म्हणाली. तिने खाली पाहिलं. दोर मातीवर पडले होते. बैल थांबले होते. मोऱ्या मान खाली घालून स्वस्थ उभा होता आणि फळी चालत होती. ती हळूच फिरली. इतकी वर्षं आडवी चाललेली फळी आपसूक उभी झाली, वळलेलं टोक पुढे आलं, कड्यांतून दोर निघून गेले, आणि बैलांना बाजूला टाकून ती रानात शिरली.

"थांबवा!" कोकिळा म्हणाली. "अवो, थांबवा ना!"

तिच्यावर सावली पडली. आभाळात ढग नव्हता. मागून तो आवाज आला, लांबून येणाऱ्या दाण्यांचा, आणि वामनची मान वळली. त्याने वळवली नाही, ती वळली, पूर्वी वळायची तशी.

मागचं रान उभं होतं.

सगळं त्याने पाहिलं नाही. एवढंच दिसलं की नांगराची तासं जमिनीवर नव्हती, डोक्याच्या वर होती, आणि त्याच्याही वर, फार वर, धुऱ्यावरची बोर सरळ उभी होती, तिच्यात होला बसलेला. खालून फळी उचलली जात होती.

कोकिळाने त्याचा पाय धरला. दोन्ही हातांनी धरला.

अशा फळीवर दोघांना जाता येत नाही. हे वामनला कुणी शिकवलं नव्हतं, ते पायांना माहीत असतं. पुढचं त्याला नीट आठवत नाही. धूळ फार होती. एवढं आठवतं की उजवा पाय मोकळा झाला आणि फळी हलकी झाली.

७

फळी पार नाल्याच्या काठाला लागली तेव्हा वामन तिच्यावर उभा होता. रान पुन्हा आडवं पडलेलं होतं. बैल होते तिथेच, रवंथ करत. आणि सगळी तासं मोडून, ढेकळं मोडून, मधून एक गुळगुळीत पट्टा इथपर्यंत आला होता, ओल्या वाळूवर असतो तसा.

कोकिळा पट्ट्याच्या मध्यावर सापडली. वर हातभर माती होती. लोकांनी हातांनीच उकरली.

पोलीस पाटील आले. वामनने सांगितलं की बैल बुजले, फळी उलटली, बाई खाली आली. मी तिचा हात धरला होता, पण निसटला. पाटलांनी बैलांकडे पाहिलं, वामनच्या तोंडाकडे पाहिलं, आणि जास्त विचारलं नाही. उत्तमरावांना विचारलं, ते म्हणाले की मला फक्त धूळ दिसली. लोक म्हणाले, बाईमाणसाला फळीवर बसवायला नको होतं. कुणी हळू आवाजात म्हणालं, पाटाची बायको, तिला सुख लागलं नाही.

घरात मोठ्या माईने कोकिळाला आंघोळ घातली. मध्येच तिने बाकीच्या बायांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा तिचा पदर पिळून निघेल इतका ओला होता. ती वामनजवळ बसली. पदर पिळत म्हणाली, "हिनं एवढं पाणी कोठी पेलं रे, बापू? येऊनच राह्यलं, येऊनच राह्यलं."

वामन मनात आपलं सांगणं पुन्हा पुन्हा म्हणत होता. बैल बुजले. मी तिचा हात धरला होता. पुष्कळदा म्हटल्यावर त्याला तिचा हात आपल्या हातात आठवायला लागला. तो गरम होता, पिठाने खरखरीत होता. तो निसटताना आपण ओरडलो, हेही त्याला आठवायला लागलं. रात्री मोठी माय रडे, तेव्हा तोही रडे, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

तेरवी व्हायची होती, तरी तो रानात गेला. पेरणी कुणासाठी थांबत नाही, असं त्याने मोठ्या माईला सांगितलं. फळी नाल्याकाठीच पडलेली होती. ती आणली, दोर बांधले, बैल जुंपले आणि वर उभा राहिला. जिथे कोकिळा सापडली होती तिथूनही फळी गेली. दोर ताठ होते. दुपार झाली तरी ताठच होते. ढेकळं फुटत होती, नुसती ढेकळं. वामन दर थोड्या वेळाने मान वळवून मागे पाही. मागे सपाट रान होतं, त्याच्या पलीकडे दुसऱ्याचं सपाट रान होतं. तो बैलांना वळवी आणि फोडून झालेल्या मातीवरून पुन्हा फळी नेई.

उत्तमराव धुऱ्यावर येऊन बसले. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग हाताने बोलावलं. वामनने बैल थांबवले, धुऱ्यापाशी आला. उत्तमरावांनी त्याला तंबाखू दिली, आपण घेतली नाही. म्हातारा माणूस, रागाने आवाज कधी चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

"पाटलाले म्या धूळ दिसली म्हणून सांगतलं," ते म्हणाले. "ते तसंच राहीन. म्या मरेपरेंत कोनाले सांगनार नाई. पण मले झोप नाई, वामन्या. म्या इथंच उभा होतो. ती तुह्या पायाले धरून होती, तोंड वर करून तुले पाहून राह्यली होती. अन् तू तिचे बोटं एक एक करून सोडवले, बापा. मांगं पाहून हासून राह्यला होता तू."